बोर्डो व्हाया तामलवाडी

वाइन टूर म्हटलं की डोळ्यांपुढे येतं फ्रान्स. बजेट कमी असेल तर नाशिक. आम्ही मात्र गाडी वळवली सोलापूर-तुळजापूर रस्त्याला. तिथं वाइन नाही. पण बाकी सगळं आहे, बॉस!

फ्रान्समधल्या बोर्डोची खासगी वाइन टूर कशी असते, माहितीये? सकाळी गाडी थेट हॉटेलच्या दारात. गाइड फक्त तुमच्या चार-सहा जणांच्या ग्रुपसाठी. मग मेदोक किंवा सेंत-एमिलिओं भागातले दोन-तीन 'शातो'. शातो म्हणजे किल्ला किंवा वाडा, पण बोर्डोत कधी कधी साधं कौलारू घरही याच नावानं मिरवतं. आधी वेलींच्या रांगांमधून एक चक्कर, मग थंडगार तळघर, तिथली ओकची पिंपं आणि शेवटी टेस्टिंग. ग्लास तिरका धरून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि (खरंच!) थुंकायचा. कारण अजून दोन शातो बाकी असतात.

माझी एक आयटीवाली मैत्रीण ऑनसाइट असताना ही टूर करून आली. तेव्हापासून तिच्यासमोर द्राक्ष खायची सोय राहिलेली नाही. "यू नो, तिथं शेताशेताला नाव असतं," हे तिचं पेटंट वाक्य. वैताग येतो, पण ती चुकीचं बोलत नाही. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या शातोंची प्रतवारी केली गेली १८५५ मध्ये, आणि एखाद-दुसरा बदल सोडला तर ती आजही तशीच पाळली जाते. कुठल्या पट्ट्यातल्या वाइननं कुठलं नाव लावायचं, याची कायदेशीर चौकट फ्रान्सनं १९३५ मध्ये घातली. सेंत-एमिलिओंचा अख्खा परिसर १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फ्रेंच लोक याला 'तेर्वार' म्हणतात. माती, ऊन, पाणी, उतार, वारा आणि तिथली माणसं, सगळं एका शब्दात. थोडक्यात फंडा असा, की तुम्ही द्राक्षाचा रस विकत घेत नाही, एक पत्ता विकत घेता.

मग प्रश्न पडला, की असा पत्ता आपल्याकडे कुठे असेल?

आधी अकलूज

सोपं उत्तर अर्थातच नाशिक. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम काढली आणि 'वाइन टूर' हा शब्द मराठी वीकएंडमध्ये घुसला. पण आम्हाला गर्दी नको होती. म्हणून पुण्याहून निघून, इंदापूरवरून आम्ही तिघं अकलूज भागात पोचलो.

सोलापूर जिल्हा म्हणजे चादर, शेंगाचटणी आणि ऊस, एवढंच डोक्यात असेल तर इथं एक छान धक्का बसतो. माळशिरस तालुक्यात फ्रातेल्लीचे द्राक्षमळे आहेत. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. दोन इटालियन सेच्ची भाऊ, दिल्लीचे सेखरी भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशी ही भावाभावांची पार्टनरशिप. वाइन बनवण्याची सूत्रं पिएरो मासी या टस्कनीच्या वाइनमेकरकडे होती. ज्वारीच्या आणि उसाच्या मुलखात सांजोवेजे आणि काबर्ने सोव्हिन्याँच्या रांगा बघून आमच्या ऑनसाइट मैत्रिणीची बोलती पाच मिनिटं बंद झाली. (रेकॉर्ड!)

टूरमध्ये कळलेली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वाइनचं द्राक्ष आपण खातो ते नव्हे. ते लहान, जाड सालीचं, बियांचं असतं. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून मणी जितका छोटा तितकं बरं. आणि ७५० मिलीच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात.

आम्ही एक बाटली घेतली आणि सोलापूर गाठलं. कारण मला खरं कुतूहल होतं ते दुसऱ्या द्राक्षाचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक हातगाडीवर जे असतं, ते येतं कुठून? त्याची टूर का नाही?

टोलनाक्याचं गाव

सोलापूरहून तुळजापूरला तुम्ही गेला असाल तर तामलवाडी तुम्ही पाहिलंय. किंवा खरं सांगायचं तर पाहिलेलं नाही, टोल भरलाय. सोलापूर आणि तुळजापूरच्या साधारण मधोमध, सोलापूर जिल्हा संपून धाराशिव (आधीचा उस्मानाबाद) सुरू झाला की हे गाव येतं. म्हणजे पश्चिम महाराष्ट्र संपून मराठवाडा सुरू होतो, तो हा उंबरठा. गाड्या इथं थांबतात त्या फक्त टोलसाठी. पुढे घाट, घाटावर आई तुळजाभवानी. देवीच्या ओढीनं निघालेला माणूस अधेमधे कशाला बघेल?

बघितलं तर दिसतात बागा. तामलवाडी, सावरगाव, काटी हा सगळा पट्टा द्राक्षाचा. हलकं, मुरमाड रान, पाऊस बेभरवशाचा, आणि त्यात लोखंडी अँगलवर तारा ताणून उभे केलेले हिरवे मांडव.

ओळखीच्या ओळखीनं एका बागायतदार काकांशी बोलणं झालं होतं. मी फोनवर विचारलं होतं, "काका, आम्हाला बागेची टूर द्याल का? फक्त आम्हा तिघांनाच. पैसे देऊ." पलीकडे मोठ्ठा पॉज. मग, "रान बघायचं पैसं? या की नुस्तं."

तर ही झाली आमची प्रायव्हेट गाइडेड टूर. गाइड साठीच्या घरातला, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात पेन असावं तसा ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. हॉटेलच्या दारात गाडी आली नाही, पण काका टोलनाक्याजवळ मोटारसायकल घेऊन उभे होते. "माझ्या मागं या," म्हणाले आणि धुरळा उडवत निघाले.

'बोर्डो? रोजचंच की!'

बागेत शिरताशिरताच मैत्रिणीनं सुरू केलं. "काका, मी बोर्डोला गेले होते."

काका थांबले. "बोर्डो? मोरचूद-चुना?"

आता पॉज आमचा होता.

झालं असं, की तामलवाडीत बोर्डो हा शब्द कुणालाही नवा नाही. शेडच्या कोपऱ्यातल्या निळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपाकडे काकांनी बोट दाखवलं. बोर्डो मिश्रण! एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, की झालं एक टक्क्याचं बोर्डो. बरोबर जमलंय का, हे बघायला त्यात लोखंडी विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. पावसाळ्यात आणि छाटणीनंतर डाऊनी नावाच्या बुरशीवर हे मारतात. माल तयार होत आला की नाही मारत, मण्यांवर डाग पडतात.

याची जन्मकथा भन्नाट आहे. डाऊनी ही मूळची अमेरिकेची बुरशी, ती १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोचली आणि मळेच्या मळे झोपवू लागली. बोर्डो विद्यापीठात मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ मध्ये मेदोकमधून जाताना त्यांना दिसलं, की आतल्या वेली आजारी आहेत आणि रस्त्याकडेच्या मात्र हिरव्यागार. कारण? येणारे-जाणारे द्राक्षं चोरून खायचे, म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत. दिसायला विषारी, चवीला कडू, चोर गायब! सोबत बुरशीही गायब. प्रयोग करून मियार्देंनी १८८५ मध्ये हे जाहीर केलं आणि मिश्रणाला गावाचं नाव चिकटलं ते कायमचं.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा काका मनापासून हसले. "म्हंजे तिथंबी द्राक्षं चोरतेत व्हय?"

मुळं टेक्सासची

पुढचा स्टॉप, खोड. काका उकिडवे बसले आणि जमिनीपासून वीतभर वरची एक गाठ दाखवली. वरची वेल सोनाका जातीची. गाठीखालचं सगळं मात्र वेगळं, डॉगरिज नावाचा खुंट. हा मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासच्या रानवेलींमधला. पाणी कमी असो, खारट असो, त्याची मुळं तग धरतात. म्हणून आधी खुंट लावायचा आणि मग त्यावर हवी त्या जातीची काडी कलम करायची.

फ्रान्सनंही नेमकं हेच केलंय, फक्त कारण वेगळं होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीनं तिथल्या वेलींची मुळं खाल्ली. औषध सापडेना. शेवटी अमेरिकन वेलींच्या मुळांवर फ्रेंच वेली कलम केल्या, तेव्हा कुठे वाइन वाचली. म्हणजे बोर्डोची ती राजेशाही काबर्ने आणि तामलवाडीची ही सोनाका, दोघीही अमेरिकन पायांवर उभ्या आहेत. शातोच्या तळघरात हे सहसा ठळकपणे सांगत नाहीत!

फरक आहे तो वर्षाच्या गणितात. फ्रान्समध्ये बर्फाळ थंडीत वेल झोपते, छाटणी एकदा, पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि मग चार-साडेचार महिन्यांनी माल. ऑक्टोबरची छाटणी येते नेमकी कोजागरीच्या आसपास. तेव्हा सोलापूरहून, पार कर्नाटकातूनही लाखो लोक या रस्त्यानं तुळजापूरला चालत जातात. "रातभर आई राजा उदो उदो, आन् सकाळी आमची कात्री," काका म्हणाले.

आणि त्या कात्रीनंतर? फुटवे काढा, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावा, घड जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवा, मग विरळणी. विरळणी म्हणजे एकेका घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीनं कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. हे काम मुख्यतः बायकांचं. मान वर करून, हात वर धरून, दिवसच्या दिवस. तुमच्या फ्रूट बाऊलमधल्या प्रत्येक देखण्या घडावर कुणीतरी अशी कात्री चालवलेली आहे. विरळणीला येणाऱ्या एका मावशींना विचारलं, "मान दुखत नाही?" त्या म्हणाल्या, "दुखती की. पर खाली बघून खुरपन्यापरीस वर बघितलेलं बरं."

टेस्टिंग सेशन

मग आलं टेस्टिंग. काकांनी कात्रीनं एक घड उतरवला, देठाला धरून. मण्यांना बोट लावायचं नाही हं! मण्यांवर जी पांढुरकी झाक असते ती नैसर्गिक असते. बोट लागलं की ती पुसली जाते आणि व्यापारी भाव पाडतो.

"खालचा खावा आधी," काका म्हणाले. घडाच्या अगदी टोकाचा मणी. गोड, पण किंचित आंबूस. "आता वरचा." देठाजवळचा. साखर! घड वरून खाली पिकत येतो, त्यामुळे टोकाचा मणी सगळ्यात शेवटी गोड होतो. म्हणून तपासायचा तो टोकाचा. काकांनी त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळला आणि मशीन माझ्या डोळ्याला लावलं. निळी-पांढरी रेघ १८ च्या थोडी वर. "दोन दिवस थांबतो. पर मर्जी वरच्याची," असं म्हणून त्यांनी आभाळाकडे बघितलं.

पुढच्या वेळी हातगाडीवर चव बघताना ही ट्रिक वापरा. भैया वरचा मणी देईल, तुम्ही खालचा मागा.

मग शेजारच्या तुकड्यातली काळी शरद सीडलेस, तिची साल जरा करकरीत. मग पुन्हा सोनाका, लांबट आणि सोनेरी. आमच्या मैत्रिणीनं सवयीनं डोळे मिटून 'नोट्स' शोधायला सुरुवात केली. "मधाची... आणि थोडी पेरूची?" काका म्हणाले, "ते काय म्हाईत न्हाई. पर ह्याच काडीची द्राक्षं काळ्या रानात अशी लागत न्हाईत. हा रानाचा गुन हाय."

रानाचा गुण. फ्रेंचांच्या तेर्वारला याहून चांगला मराठी शब्द मला तरी सुचत नाही.

तीन दारं, एक दार

बागेच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि टूरचा मूड बदलला. तिथं एक एकर मोकळं होतं. बांधावर लोखंडी अँगलचा ढीग आणि तारेची वेटोळी. मोडलेली बाग! अँगल सेकंडहँड विकायला काढलेले.

काकांनी हिशेब मांडला, पण आकड्यांनी नाही, वर्षांनी. २०१२-१३ चा दुष्काळ, टँकरनं पाणी घालून वेली जगवल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन तोडणीत गारपीट. २०१६ ला शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा बागेला कुठलं? २०२० च्या मार्चमध्ये माल तयार आणि देश बंद. त्याच वर्षी ऑक्टोबरात अतिवृष्टी. आणि २०२५ साली मे महिन्यातच पाऊस लागला. एप्रिलच्या छाटणीनंतर मे-जूनच्या उन्हात काडीच्या डोळ्यात पुढचा घड तयार होत असतो. ऊनच मिळालं नाही, तर ऑक्टोबरात छाटून फुटतात ती नुसती पानं. वर सप्टेंबरचा पूर. पाण्यावाचून वाळलेली आणि पाण्यानं कुजलेली, अशा दोन्ही बागा या माणसानं पाहिल्यात.

"मग वाइनची द्राक्षं का नाही लावली?" मी विचारलं. प्रश्न भाबडा नव्हता. राज्यानं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क काढले, आणि मग वाइनच्या जाती लावायची महाराष्ट्रात एक लाटच आली. २००८ च्या मंदीनंतर ती फुटली. वाइनऱ्यांकडे माल पडून राहिला आणि कितीतरी शेतकऱ्यांनी त्या वेली उपटल्या.

काकांनी हे पाच बोटांवर समजावलं. "आमच्या द्राक्षाला तीन दारं. भाव असला तर मार्केट. माल एक नंबर असला तर एक्स्पोर्ट. दोन्ही बंद झाली तर बेदाना, शेडवर टाकायचा. चार किलोचा एक किलो होतोय, पर सडत तर न्हाई. वाइनच्या द्राक्षाला दार एकच, वाइनरी. तिनं न्हाई म्हनलं, तर ती बियाची बारकी द्राक्षं कोन खानार, ताई?"

इतका स्वच्छ बिझनेस केस स्टडी मी कुठल्या सेमिनारमध्ये ऐकला नव्हता. काकूंचा मुद्दा आणखी थोडक्यात होता. "आईच्या वाटंवर वाइन कशाला?" २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा हाच वाद महाराष्ट्रभर पेटला होता. शेतकऱ्याचा फायदा, की दारूला मागचं दार? एकाच घरात दोन्ही मतं असू शकतात, हे तामलवाडीच्या ओसरीवर दिसलं.

पेटीवर वाघ

ओसरीवर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही आणि धुतलेल्या द्राक्षांचं ताट आलं. आम्ही अकलूजची बाटली दाखवायला काढली. काका घेत नाहीत. त्यांनी ती उघडू दिली नाही, पण चष्मा लावून लेबल मात्र अथपासून इतिपर्यंत वाचलं. समोरचं नाव, द्राक्षाची जात, वर्ष, मागचा बारीक अक्षरातला पत्ता. सर्वांत शेवटी किंमत.

"द्राक्षं किती लागत्यात हिला?"

"सव्वा किलो."

काकांनी ताटातला एक घड तळहातावर तोलला. आमची मैत्रीण घाईघाईनं समजावू लागली, की त्यात काच आली, ओकचं पिंप आलं, वर्षभर थांबणं आलं, टॅक्स, मार्केटिंग, वाइनरीचीही रिस्क असतेच. काकांनी मान डोलावली. "खर्च असनारच की. त्याचं काय न्हाई. पर तुमी ह्या बाटलीमागं अकलूजला गेलाव. माझ्या पेटीमागं तामलवाडीला कोन येतंय?"

कोपऱ्यात उद्याच्या तोडणीसाठी रिकाम्या पेट्यांची थप्पी होती. छान रंगीत खोके. वर डरकाळी फोडणारा वाघ, खाली व्यापाऱ्याच्या फर्मचं नाव आणि शहर. गाव कुठेच नाही. शेतकरी कुठेच नाही. ही द्राक्षं दिल्लीत, कोलकात्यात विकली जातील ती वाघाची म्हणून.

बोर्डोचं नाव तामलवाडीत पोचलंय, अगदी निळ्या पिंपापर्यंत. तामलवाडीचं नाव अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात पोचलेलं नाही. मला वाटतं, खरी गोम इथंच आहे. वाइनमध्ये जादू आहे ती दारूची नाही. जादू आहे ती बाटलीवर गाव लिहिण्यात. एकदा गाव लिहिलं, की गिऱ्हाईक गावाचा शोध घेत येतं, दुसऱ्या वर्षी तेच मागतं, आणि भाव पाडणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. खाण्याच्या द्राक्षाला हे जमणार नाही, असं कुठेय? नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलंच आहे. २०२४ मध्ये ते तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला आणि कुंथलगिरीच्या खव्यालाही मिळालं. अगदी आमच्या ताटातल्या सोनाकाचं नावच बघा ना. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे या शेतकऱ्यानं ही जात निवडून काढली. नावाची फोड सांगतात ती अशी, सोलापूरचा 'सो', नान्नजचा 'ना', काळेंचा 'का'. एका शेतकऱ्यानं द्राक्षाच्या नावातच पत्ता लिहून ठेवला! तासगावच्या तास-ए-गणेशमधला 'तास'ही तसाच.

एका टूरनं बाग वाचत नाही, हे मला कळतं. गारांना मानांकन वाचता येत नाही. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि उरलेले दोन एकर ठेवायचे की मोडायचे, हे एप्रिलच्या छाटणीआधी ठरवायचंय. मी विचारलं, तर ते इतकंच म्हणाले, "आदी ह्यो माल जाऊ द्या." पण निघताना काकूंनी विचारलेला प्रश्न मात्र डोक्यात राहिलाय. "तिकडं फ्रान्सात असं रान दाखवायचं किती घेतेत?" मैत्रिणीनं आकडा सांगितला. काकूंनी पदर तोंडाला लावला. मग काकांकडे बघून म्हणाल्या, "आन् तुमी नुस्तं या म्हनलाव!"

तुम्हालाही जायचंय?

कधी : फेब्रुवारी ते मार्च. तेव्हा माल तयार असतो आणि ऊनही सोसवतं. सकाळी लवकर पोचा, तोडणी ऊन चढायच्या आत होते.

कसं : पुण्याहून सोलापूर रेल्वेनं (हुतात्मा एक्स्प्रेस आहेच) किंवा हायवेनं. सोलापूरहून तुळजापूरच्या एसटी भरपूर. स्वतःची गाडी असेल तर टोलनाक्यावरून गुगलला नाही, माणसांना विचारा.

टूर : तामलवाडीत तयार पॅकेज मिळणार नाही. आधी ओळख काढा, फोन करा, मगच बागेत शिरा. पैशाचा विषय तुम्हीच काढा. 'नुस्तं या' हे त्यांचं मोठेपण झालं, तुमचा डिस्काउंट नव्हे. राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलंय, बागायतदार काका-काकूंना ते आवर्जून सांगा.

हे पाळा : न विचारता वेलीवरचं द्राक्ष तोंडात टाकू नका, फवारणी झालेली असू शकते. घडाला हात लावू नका. विरळणी करणाऱ्या मावशींचा फोटो त्यांना विचारून.

सोबत काय : घाटावर तुळजाभवानीचं दर्शन, हैदराबाद रस्त्याला नळदुर्गचा किल्ला, आणि बार्शी रस्त्याला सोनाकाचं माहेर नान्नज. तिथं माळढोक अभयारण्यही आहे. वाइन हवीच असेल तर येता-जाता अकलूज.

आणि शेवटचं : पेटी तर घ्यालच. घेतलीत, की काकांकडे मार्कर मागा आणि वाघाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात गावाचं नाव लिहून घ्या. ऑफिसमध्ये ती पेटी उघडाल तेव्हा पहिला प्रश्न येईल, "तामलवाडी? हे कुठे आलं?"

मग सांगा सविस्तर. गाइड आता तुम्ही.